वजीफा, निवृत्तिवेतन आणि अंशदान : जळकोटच्या शिक्षकाची निवृत्तिबचत

एखादी संज्ञा शासनव्यवहारात रूढ होते तेव्हा ती केवळ वस्तूला नाव देऊन थांबत नाही. त्या वस्तूविषयी माणसाने काय अपेक्षा बाळगावी हेही ती नकळत सांगून जाते. संज्ञा बदलली आणि अपेक्षा जुनीच राहिली, म्हणजे व्यवहारात घोटाळा उत्पन्न होतो. मराठवाड्यातील शिक्षकाच्या म्हातारपणाच्या तरतुदीसंबंधी गेल्या पाऊणशे वर्षांत असेच घडत आले आहे. या काळात तिला क्रमाने तीन नावे मिळाली, आणि तिसऱ्या नावाचा खरा अर्थ ज्याला उमगला नाही त्याचे नुकसान रुपयांत मोजता येण्याजोगे आहे. ते कसे होते व कसे टाळता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. उदाहरणासाठी जळकोट हा लातूर जिल्ह्यातील, नांदेडच्या सीमेलगतचा तालुका घेतला आहे. बालाघाटच्या पठारावरील या कोरडवाहू मुलखात नियमित मासिक वेतन मिळणारा वर्ग लहान आहे, आणि त्यात शिक्षकाचे स्थान महत्त्वाचे आहे.

१. तीन संज्ञा

निजामी राजवटीत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता व कारभाराची भाषा उर्दू होती. सेवा संपल्यावर मिळणाऱ्या रकमेला त्या कारभारात ‘वजीफा’ म्हणत. हा शब्द मूळचा अरबी. नेमून दिलेली रक्कम असा त्याचा अर्थ असून विद्यार्थ्याला मिळणाऱ्या वृत्तीलाही तोच शब्द लावीत. देणाऱ्याच्या मर्जीचा वास त्याला होता. वजीफा मागावयाचा नसतो, तो मिळावयाचा असतो.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानची राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग झाला. राज्यव्यवहार मराठीतून होऊ लागल्यावर ‘निवृत्तिवेतन’ ही संज्ञा स्थिरावली. बोलण्यात ‘पेन्शन’ राहिले, पण कागदावरचा शब्द अर्थपूर्ण होता. काम थांबल्यावरही चालू राहणारे ते वेतनच, म्हणजे केलेल्या श्रमाचा मागाहून दिलेला मोबदला, असा त्याचा भाव आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्याच्या निकालात निवृत्तिवेतन ही सरकारच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नव्हे, असे स्पष्ट केले. ‘वजीफा’ ते ‘निवृत्तिवेतन’ हा प्रवास कृपेकडून हक्काकडे झाला होता. त्या निकालाने त्यावर कायद्याची मोहोर उमटली.

तिसरी संज्ञा २००५ साली आली. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत येणाऱ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने ‘परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना’ लागू केली. केंद्र शासनाने आपल्या नव्या कर्मचाऱ्यांसाठी अशीच व्यवस्था १ जानेवारी २००४ पासून सुरू केली होती. राज्याची योजना २०१५ पासून राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत समाविष्ट होऊ लागली आणि जिल्हा परिषदांच्या व अनुदानित शाळांच्या शिक्षकांना पुढे टप्प्याटप्प्याने तीत घेण्यात आले. शिक्षकांच्या बोलीत या दोन व्यवस्थांना नुसते ‘जुनी’ आणि ‘नवी’ असे म्हणतात. विशेषणानेच नामाची जागा घेतली आहे. नव्या खात्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा उच्चार ‘प्रान’ असा होतो व बोलताना त्याचा सहजच ‘प्राण’ होतो, हेही लक्षणीय आहे.

२. परिभाषित काय आहे?

‘परिभाषित अंशदान’ ही संज्ञा इंग्रजी अर्थशास्त्रीय संज्ञेचे शब्दशः भाषांतर आहे, आणि तिचे दोन्ही घटक मराठी वाचकाला चकवितात. ‘परिभाषित’ म्हणजे ज्याची व्याख्या केली आहे असे. येथे त्याचा अभिप्रेत अर्थ ‘आधी ठरवून दिलेले’ एवढाच आहे. ‘अंशदान’ या शब्दात दान आहे, आणि दान परत मागावयाचे नसते. रोजच्या मराठीतील ‘वर्गणी’ हा शब्दही येथे उपयोगी पडत नाही, कारण वर्गणी गणेशोत्सवाला किंवा देवळाला दिली जाते व दिल्यावर तिचा हिशेब देणारा स्वतःपुरता सोडून देतो. शिक्षक मात्र जे कापून देतो ते त्याचे स्वतःचे आहे, व त्याचा हिशेब त्यानेच ठेवावयाचा आहे. ‘कपात’ या शाळेत रूढ असलेल्या शब्दातही गेलेल्या पैशाचाच भाव आहे, साठलेल्या पैशाचा नाही.

जुन्या व्यवस्थेत मिळावयाची रक्कम ठरलेली असे. अखेरच्या वेतनाच्या प्रमाणात निवृत्तिवेतन मिळे, महागाईप्रमाणे ते वाढे, आणि त्यासाठी लागणारा पैसा कोठून आणावयाचा ही चिंता शासनाची होती. नव्या व्यवस्थेत भरावयाची रक्कम ठरलेली आहे. शिक्षकाच्या मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या शेकडा १० कापले जातात. शासनाचा वाटाही आरंभी तितकाच होता, तो २०१९ पासून शेकडा १४ करण्यात आला. ही रक्कम निधीत गुंतविली जाते आणि अखेरीस जे साठेल त्यातून वार्धक्य चालवावयाचे. शासकीय सेवेतील सभासदाला वयोमानानुसार निवृत्त होताना, काही लहान रकमांचा अपवाद सोडल्यास, साठ्याचा किमान शेकडा ४० भाग विमा कंपनीकडून आजीव वार्षिकी घेण्यात घालावा लागतो आणि उरलेला हाती मिळतो. वार्षिकीचा नेहमीचा प्रकार महागाईबरोबर वाढत नाही.

तात्पर्य, ‘परिभाषित’ हे विशेषण अंशदानाला लागते, निवृत्तिवेतनाला लागत नाही. समासाची फोड चुकली की अपेक्षाही चुकते. भरणा ठरलेला व फळ अनिश्चित अशा व्यवस्थेत फळ ठरविणाऱ्या गोष्टी चारच राहतात : किती भरले, किती वर्षे भरले, बाजाराने किती दिले आणि मध्ये कोणी किती नेले. पैकी तिसरी गोष्ट कोणाच्याच हाती नाही आणि पहिल्या दोहोंवर वेतनाची व वयाची मर्यादा आहे. चौथीवर शिक्षकाचा बराच ताबा चालतो, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

३. ‘शेकडा दोन’ : कशाचा शेकडा?

निधी चालविणारी संस्था आपल्या सेवेचे मूल्य साठ्याच्या शेकडेवारीने घेते. याला खर्चाचे प्रमाण म्हणतात. ही रक्कम सभासदाकडे वेगळी मागितली जात नाही. रोजच्या मूल्यातून ती परस्पर वजा होते. त्यामुळे पावतीवर ती दिसत नाही, आणि न दिसणारा खर्च माणसाला खर्च वाटत नाही.

जळकोटमधील पुष्कळ शिक्षक शेतकरी घरांतून आलेले आहेत. सोयाबीन किंवा तूर आडतीवर नेली म्हणजे हिशेबपट्टीत हमाली व तोलाई वजा झालेली दिसते, आणि पट्टी हाती पडताच घरातला वडीलधारा माणूस आधी ती वजावट वाचतो. तीच दृष्टी निधीकडे वळविली पाहिजे. मात्र या दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. हमाली एका मालावर एकदाच लागते. निधीचा खर्च हा त्या वर्षीच्या भरण्यावर नसून आजवर साठलेल्या सर्व रकमेवर, दर वर्षी लागतो. बलुतेदाराने यंदाच्या खळ्यातून आपला वाटा न घेता दर वर्षी घरातील सगळी कणगी मोजून तिच्यातून तो घ्यावा, असा हा प्रकार आहे. पहिल्या वर्षी टाकलेला दाणा पंचवीस वर्षांत पंचविसांच्या आसपास वेळा मोजला जातो.

पुढील उदाहरण केवळ गणितासाठी कल्पिले आहे. एक शिक्षिका दर वर्षाच्या अखेरीस ६०,००० रुपये, म्हणजे महिना ५,००० च्या हिशेबाने, २५ वर्षे बाजूला टाकते. तिने घातलेली एकूण रक्कम १५ लाख होते. खर्च वजा करण्यापूर्वी निधीची वाढ दरसाल शेकडा ९ धरू. प्रत्यक्षात ती कमीअधिक होईल. येथे तुलना खर्चाची आहे.

खर्च शेकडा ०.१ असल्यास अखेरीस साठा सुमारे ५०.०७ लाख रुपये होतो. खर्च शेकडा १ असल्यास तो सुमारे ४३.८६ लाखांवर येतो. खर्च शेकडा २ असल्यास तो सुमारे ३७.९५ लाख होतो.

पहिल्या व तिसऱ्या आकड्यांतील अंतर १२ लाखांहून अधिक आहे, म्हणजे तिने स्वतः घातलेल्या रकमेच्या चार पंचमांशाएवढे. शेकडा ६ दराची वार्षिकी घेतली असे धरले, तर पहिल्या साठ्यातून महिना सुमारे २५,००० व तिसऱ्यातून सुमारे १९,००० रुपये येतात. वय वर्षे साठनंतर दर महिन्याला ६,००० रुपये कमी मिळणे म्हणजे काय, हे औषधांचा खर्च ज्या घरात सुरू झाला आहे त्याला वेगळे सांगावयास नको.

‘शेकडा दोन’ हा शब्दप्रयोग लहान भासतो, कारण शेकडा कशाचा हे त्यात सांगितलेले नसते. ९ टक्के वाढीतून २ गेले म्हणजे वाढीच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक गेले. खर्चाचे प्रमाण साठ्याशी न ताडता वाढीशी ताडले, की त्याचे खरे रूप कळते.

४. कमी खर्च म्हणजे कमी प्रत का?

बाजारात महाग वस्तू बहुधा चांगली असते, या अनुभवावरून अधिक खर्चाचा निधी अधिक कुशल असेल असे वाटणे साहजिक आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ साली एका छोट्या निबंधात या समजुतीचे साध्या अंकगणिताने खंडन केले. बाजारातील सर्व गुंतवणूकदार मिळून म्हणजेच बाजार. निवड करून खरेदी-विक्री करणाऱ्यांचा गट आणि बाजाराची सरसकट प्रतिकृती धरून ठेवणारांचा गट, असे दोन भाग पाडले तर खर्चापूर्वी दोन्ही गटांची सरासरी एकच असली पाहिजे. म्हणून खर्च वजा केल्यावर अधिक खर्च करणाऱ्या गटाची सरासरी मागे पडणारच. एखादा निधी पुढे जाईल, पण तो कोणता हे आधी सांगता येत नाही; आणि गेल्या तीन वर्षांचा अव्वल निधी पुढील तीन वर्षे अव्वल राहीलच असे नाही. खर्च मात्र आधीच छापलेला असतो.

याच विचारातून जॉन बोगल यांनी १९७६ साली अमेरिकेत सर्वसामान्य गुंतवणूकदारांसाठी निर्देशांक निधी काढला. निर्देशांकातील सर्व कंपन्यांचे भाग त्या त्या प्रमाणात घेऊन ठेवावयाचे, हीच त्याची रीत. निवडीचा खर्च नसल्याने तो स्वस्त पडतो. भारतातही असे निधी उपलब्ध आहेत. शिवाय १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक म्युच्युअल फंडाला आपल्या योजनेचा ‘थेट’ प्रकार ठेवावा लागतो. त्यात मध्यस्थाची दलाली नसते, आणि म्हणून त्याच योजनेच्या ‘नियमित’ प्रकाराहून त्याचा खर्च कमी असतो. ‘नियमित’ हे नाव पुन्हा विचार करण्याजोगे आहे. नियमित ते योग्य व थेट ते काही वेगळे, असा ग्रह ते करून देते. वस्तुतः दोहोंत गुंतवणूक एकच असून फरक दलालीचा आहे.

अमेरिकेतील सार्वजनिक शाळांच्या शिक्षकांना १९६१ पासून करसवलतीची एक स्वतंत्र निवृत्तिबचत खुली आहे. तिच्यात अनेक ठिकाणी विमा कंपन्यांचे महागडे वार्षिकी करारच शिक्षकांच्या पदरी पडले, कारण शाळेत येऊन समजावून सांगणारा प्रतिनिधी त्यांचा होता आणि स्वस्त निधीचा प्रतिनिधी कोणी नव्हता. ही गोष्ट जळकोटलाही लागू पडते. स्वस्त वस्तूला विक्रेता परवडत नाही, म्हणून तिची वार्ता शिक्षकांच्या खोलीपर्यंत आपोआप पोहोचत नाही. दाराशी चालत येते ती बहुधा बचतीची विमा पॉलिसी. ती आणणारा कित्येकदा नात्यातला किंवा सहकारीच असतो, आणि ‘सर, एवढी एक घ्याच’ या आर्जवाला नकार देणे जड जाते. अशा पॉलिसीत विमाही तोकडा आणि बचतही तोकडी राहण्याचा संभव असतो, आणि आरंभीच्या वर्षांत ती मोडल्यास भरलेल्या रकमेतील मोठा भाग परत मिळत नाही. कुटुंबासाठी विमा हवा असेल तर तो शुद्ध मुदत-विमा घ्यावा आणि बचत निराळी करावी, हे सूत्र येथे उपयोगी पडते.

५. जळकोटच्या शिक्षकापुढील पर्याय

शिक्षकांचे येथे तीन वर्ग पडतात, आणि एकाला लागू पडणारा सल्ला दुसऱ्याला पडत नाही.

पहिला वर्ग १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्यांचा. त्यांना जुनी व्यवस्था व भविष्यनिर्वाह निधी आहे. त्या दिनांकापूर्वी जाहिरात निघालेल्या पदांवर नंतर रुजू झालेल्या राज्य कर्मचाऱ्यांनाही २०२४ साली जुन्या व्यवस्थेचा एकवेळचा विकल्प देण्यात आला. या वर्गाच्या दृष्टीने खर्चाचा प्रश्न केवळ ऐच्छिक बचतीपुरता उरतो.

दुसरा वर्ग नव्या व्यवस्थेतील शिक्षकांचा. मार्च २०२३ मधील राज्य कर्मचाऱ्यांच्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा गाजली ती यांच्याच मागणीची. त्यानंतर २०२४ मध्ये राज्याने अखेरच्या वेतनाशी निगडित हमीचा पर्याय पुढे आणला आणि केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना १ एप्रिल २०२५ पासून अमलात आली. केंद्राच्या योजनेत पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी आहे. हमी स्वीकारावी की साठा स्वतःच्या हाती ठेवावा, याचा निर्णय सेवेची उरलेली वर्षे, प्रकृती आणि मागे राहणाऱ्यांची गरज पाहून घ्यावा लागेल. विकल्पाच्या अटी मूळ शासननिर्णयातून वाचाव्यात, ऐकीव माहितीवर विसंबू नये. हमी न स्वीकारणाऱ्याने एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी : राष्ट्रीय प्रणालीचा व्यवस्थापनखर्च फारच अल्प आहे. २०२१ साली लागू झालेल्या दरपत्रकात निधी-व्यवस्थापकाचे शुल्क साठ्याच्या आकारमानानुसार शेकडा ०.०९ ते ०.०३ एवढे होते. दर वेळोवेळी बदलतात, तथापि म्युच्युअल फंडांच्या मानाने ते नाममात्रच राहिले आहे. ‘नवी’विषयीचा रोष तिच्यात हमी नसल्याचा आहे व तो समजण्याजोगा आहे, परंतु त्या रोषापोटी स्वस्त खाते दुर्लक्षून ऐच्छिक बचत महाग योजनेत टाकणे म्हणजे एका नुकसानीवर दुसरे ओढवून घेणे होय.

तिसरा वर्ग विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांचा. त्यांच्यामागे शासनाचा वाटा नसतो. वीस वा अधिक कर्मचाऱ्यांच्या संस्थेला कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीची तरतूद लागू होते, म्हणून आपली कपात व संस्थेचा वाटा त्या खात्यात जमा होतो की नाही हे शिक्षकाने प्रथम पाहावे. राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली १ मे २००९ पासून सर्व नागरिकांना खुली आहे आणि लहान रकमेनेही तीत खाते चालविता येते. सर्वांत अधिक काळजी याच वर्गाने घ्यावयास हवी, कारण त्याची बचत लहान असते आणि लहान बचतीला गळती सोसत नाही.

तिन्ही वर्गांना सामान्य असा एक पर्याय सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचा. १९६८ पासून चालत आलेल्या या योजनेचे खाते टपाल कार्यालयात व बँकांत उघडता येते. मुदत पंधरा वर्षांची, वार्षिक मर्यादा दीड लाख रुपयांची आणि व्याजातून व्यवस्थापनखर्च कापला जात नाही. एप्रिल २०२० मध्ये व्याजदर ७.१ टक्के करण्यात आला व पुढे अनेक वर्षे तोच राहिला. बाजाराची चढउतार ज्याला सोसवत नाही, किंवा ज्याच्या निवृत्तीला थोडीच वर्षे उरली आहेत, त्याला हा आधार पुरेसा आहे. ज्याच्यापुढे वीस-पंचवीस वर्षे आहेत त्याने मात्र काही भाग समभागांच्या स्वस्त निर्देशांक निधीत ठेवण्याचा विचार करावा. समभागांचे मूल्य एखाद्या वर्षी मोठ्या प्रमाणात घसरते. ती घसरण भरून निघण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ तरुण शिक्षकापाशी असतो. वय वाढेल तसा समभागांचा भाग उतरवीत न्यावा. राष्ट्रीय प्रणालीच्या ‘स्वयंचलित’ प्रकारांपैकी मध्यम प्रकारात पस्तिसाव्या वर्षापर्यंत समभाग निम्मे असतात आणि पंचावन्नाव्या वर्षी ते शेकडा १० वर येतात, हा क्रम नमुना म्हणून पाहता येईल.

योजनेच्या भारदस्त नावावर किंवा संस्थेच्या सरकारीपणावर विसंबणे पुरेसे नाही, याचे स्मरणही येथे उचित ठरेल. युनिट ट्रस्टची १९६४ ची प्रसिद्ध योजना पुष्कळ मध्यमवर्गीयांना ठेवीइतकीच सुरक्षित वाटत असे. जुलै २००१ मध्ये तिच्या युनिटांची खरेदी-विक्री स्थगित झाली, तेव्हा ‘युनिट’ म्हणजे ठेव नव्हे हे त्यांना कळले.

६. निवडीचे प्रश्न

वरील विवेचनावरून कोणतीही योजना समोर आली असता विचारावयाचे प्रश्न निष्पन्न होतात. या योजनेत ठरलेले काय आहे : भरणा की प्राप्ती? दर वर्षी साठ्याच्या शेकडा किती वजा होतात, आणि ते अपेक्षित वाढीच्या कितवा हिस्सा आहेत? योजना सांगणाऱ्याला त्यातून काय मिळते? अडचणीच्या वेळी पैसा केव्हा व कोणत्या वजावटीने काढता येतो? पैसा एका-दोन ठिकाणी गुंतलेला आहे की पुष्कळ ठिकाणी विखुरलेला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळाली नाहीत, तर त्या योजनेवर सही करू नये. त्याबरोबरच दर वर्षी आपल्या खात्याचे विवरण काढून वेतनपत्रातील कपातीशी ते महिन्यावार ताडून पाहावे व वारसाची नोंद तपासावी. कपात झाली म्हणजे जमा झालीच, असे गृहीत धरता येत नाही.

निवृत्तिवेतन हक्क म्हणून मिळावे की साठवणीतून उभे राहावे, हा प्रश्न धोरणाचा आहे आणि त्याचा निकाल शिक्षकांच्या संघटना, विधिमंडळ व शासन यांच्यामध्ये लागावयाचा आहे. तो लागेपर्यंतही दर महिन्याला कपात होतच राहते. ‘वजीफा’ या शब्दाच्या काळी शिक्षकाने मिळेल ते स्वीकारावयाचे होते. ‘निवृत्तिवेतन’ या शब्दाच्या काळी हक्क सांगावयाचा होता. ‘अंशदान’ या शब्दाच्या काळात हिशेब तपासणे हे त्याचे काम झाले आहे. शब्दाने ते उघड सांगितले नाही, म्हणून ते येथे सांगावे लागले.